मधल्या कानाचं जन्मजात व्यंग: शस्त्रक्रियेआधीचा सीटी स्कॅन पायरीपायरीने कसा वाचायचा

मूल शाळेत जायला लागतं, मागून हाक मारली तर ओ देत नाही अशी तक्रार बाई करतात, आणि मग ऐकण्याची तपासणी होते. कान कधी वाहिलेला नाही, पडदा स्वच्छ आणि शाबूत, टिम्पॅनोग्राम (पडद्याची हालचाल मोजणारी तपासणी) जवळपास नॉर्मल. तरीही ऑडिओग्रामवर (ऐकण्याच्या आलेखावर) हवेतून ऐकणं आणि हाडातून ऐकणं यांत ४०-५० डेसिबलची दरी दिसते. पुष्कळदा त्याआधी 'कानात पाणी साचलंय' असं समजून पडद्यात ग्रोमेट (बारीक नळी) घातलेला असतो आणि त्याने काडीचाही फरक पडलेला नसतो. मधल्या कानातल्या हाडांची घडणच जन्मतः चुकलेली असेल, तर ती बहुतेक वेळा अशीच उशिरा लक्षात येते. बाहेरचा कान आणि कानाची नळी नीट बनलेली नसेल (म्हणजे मायक्रोशिया-ॲट्रेसिया), तर निदान जन्मल्याबरोबर होतं. पण आत काय आहे, हा प्रश्न तिथेही तसाच उरतो.

दोन्हीकडे पुढची तपासणी एकच: टेम्पोरल बोनचा (कवटीच्या ज्या हाडात कान असतो त्याचा) हाय-रिझोल्यूशन सीटी स्कॅन. तो कसा मागवायचा, कोणत्या क्रमाने वाचायचा आणि त्यावर कुठवर विसंबायचं, हे इथे लिहिलं आहे. कान-नाक-घसा आणि रेडिओलॉजी शिकणाऱ्या डॉक्टरांना आणि ऑडिओलॉजिस्टना याचा थेट उपयोग व्हावा. ज्यांच्या मुलाचा असा स्कॅन झाला आहे त्या पालकांनाही डॉक्टरांना काय विचारायचं ते यातून कळेल. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. कुठलं हाड वाकडं आहे हे शोधणं हे या स्कॅनचं दुसरं काम. ऑपरेशन करावं की करू नये, आणि केलं तर सर्जनच्या वाटेत कोणता धोका उभा आहे, हे सांगणं हे पहिलं.

गर्भातला हिशेब

हा भाग पाठ करायचा नाही, पण समजून घेतला नाही तर स्कॅनवरच्या गोष्टी सुट्यासुट्या वाटत राहतात. पडद्यापासून आतल्या कानापर्यंत तीन हाडांची साखळी असते: मॅलियस, इन्कस आणि स्टेपीज. मॅलियसचं डोकं आणि इन्कसचा मुख्य भाग पहिल्या ब्रँकियल आर्चपासून (गर्भाच्या गळ्याजवळच्या कमानीपासून) बनतात. मॅलियसचा दांडा, इन्कसचा लांब पाय आणि स्टेपीजची कमान दुसऱ्या आर्चपासून बनतात. स्टेपीजची फूटप्लेट (तिचा चपटा तळ) मात्र काही अंशी आतल्या कानाच्या हाडी कवचातून येते. फेशियल नर्व्ह, म्हणजे चेहऱ्याची नस, हीही याच दुसऱ्या आर्चची, म्हणून स्टेपीज बिघडलेली दिसली की नसेची वाट तपासावीच लागते. स्टेपीजचा अंकुर आतल्या कानाच्या कवचाला टेकतो तेव्हा ओव्हल विंडो, म्हणजे आतल्या कानात उघडणारी खिडकी, तयार होते. त्या सुमाराला नस वाजवीपेक्षा पुढे सरकून दोघांच्या मध्ये आली, तर स्टेपीज कवचापर्यंत पोचतच नाही आणि खिडकी उघडत नाही, असं सर्वमान्य स्पष्टीकरण आहे. आतला कान वेगळ्या मुळापासून, आणि बराच आधी, घडू लागतो. त्यामुळे बाहेरचा व मधला कान पुरता बिघडलेला असूनही आतला कान चांगला असू शकतो. ऑपरेशनने ऐकू येईल ही आशा त्यावरच उभी असते.

स्कॅन मागवण्याआधी

हातात ऑडिओग्राम नसताना सीटी वाचायला बसू नये. वाहकीय बहिरेपणा (आवाज आतल्या कानापर्यंत न पोचल्याने येणारा) किती आहे, हाडातून ऐकणं कितपत शाबूत आहे, दोन्ही कानांत फरक काय, अकूस्टिक रिफ्लेक्स (मोठ्या आवाजाला कानातल्या स्नायूचा प्रतिसाद) येतात का, हे आधी माहीत हवं. तान्ह्या बाळात हेच काम हवेतून आणि हाडातून केलेली एबीआर तपासणी (आवाजाला ऐकण्याच्या नसेचा प्रतिसाद मोजणारी) करते. तक्रार जन्मापासून तेवढीच आहे की वाढत गेली, हेही विचारा. जन्मजात घोटाळा सहसा वाढत नाही. वाढत असेल तर ऑटोस्क्लेरोसिस (स्टेपीज हळूहळू जखडणारा हाडाचा आजार) किंवा पडद्यामागचा जन्मजात कोलेस्टिॲटोमा (त्वचेच्या थराचा, हाड झिजवणारा गोळा) मनात ठेवून स्कॅन बघावा लागतो. पडदा मायक्रोस्कोपखाली पाहा. पुढच्या-वरच्या भागात पांढरट गोळा दिसला तर प्रश्नच बदलतो.

मुलाकडेही नीट पाहा. मानेवर छिद्रं किंवा गाठी, कानापुढे खळी, जबडा लहान, डोळ्यांच्या पापण्यांत खाच, मान आखूड, चेहऱ्याची एक बाजू कमी वाढलेली, यातलं काही असेल तर ट्रीचर कॉलिन्स, गोल्डनहार, ब्रँकिओ-ओटो-रीनल, चार्ज, क्लिपेल-फाइल अशा सिंड्रोमचा विचार येतो. स्कॅनवर कुठे जास्त लक्ष द्यायचं हे त्यावरून ठरतं. चार्जमध्ये सेमीसर्क्युलर कॅनॉल (आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अर्धगोल नळ्या) नसतात किंवा अर्धवट असतात, शिवाय ओव्हल विंडो बंद आणि फेशियल नर्व्ह भलतीकडे असू शकते. ब्रँकिओ-ओटो-रीनलची शंका आली तर मूत्रपिंडांची सोनोग्राफी सांगायला विसरू नका.

वेळेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नळी बंद असलेल्या बाळाचा सीटी पहिल्या काही महिन्यांत काढण्याने बहुतेक वेळा काही साधत नाही. बाळाला त्या वयात गरज असते ती ऐकू येण्याची, आणि डोक्याच्या पट्ट्यावर बसवलेलं बोन कंडक्शन यंत्र (हाडातून आवाज पोचवणारं) सीटीशिवायही लावता येतं. दोन्ही कान बंद असतील तर त्यात एक दिवसही वाया घालवू नये. सीटी ऑपरेशनचा विचार सुरू होईल तेव्हा, साधारण चार-पाच वर्षांनंतर काढावा. तोवर मास्टॉइडमधल्या (कानामागच्या हाडातल्या) हवेच्या पेशीही, म्हणजे पोकळ्या, बऱ्याच वाढलेल्या असतात आणि किरणांचा डोस एकदाच लागतो. याला अपवाद आहेत. कानातून स्राव, दुखणं, कानामागे सूज, चेहऱ्याची नस कमजोर, किंवा नळी बंद नसून अतिशय अरुंद असणं. नळीचा व्यास २ मिमी किंवा त्याहून कमी असेल तर आत त्वचेचा थर साचून कोलेस्टिॲटोमा होण्याचा धोका बराच असतो. तिथे थांबण्यात शहाणपणा नाही.

मुलाला सर्दी झालेली असताना किंवा मधल्या कानात पाणी असताना ठरवून काढायचा स्कॅन टाळावा. स्टेपीजच्या कमानी मिलिमीटरच्या अंशाएवढ्या जाड. भोवती हवा असेल तरच त्या उठून दिसतात, पाण्यात त्या हरवतात. काही आठवडे थांबून कोरड्या कानाचा स्कॅन मिळाला तर दुसऱ्यांदा किरण द्यावे लागत नाहीत.

स्कॅन कसा काढून घ्यायचा

मागणीपत्रावर फक्त 'सीटी टेम्पोरल बोन' लिहून पाठवू नका. 'जन्मजात वाहकीय बहिरेपणा, पडदा नॉर्मल, उजवीकडे ५० डेसिबल दरी. स्टेपीज, ओव्हल विंडो, फेशियल नर्व्हची वाट आणि इंटर्नल ऑडिटरी कॅनॉलचा तळ यांवर मत हवं' असं लिहिलं की उत्तरही तसंच येतं.

काँट्रास्टची गरज नाही. स्लाइस ०.५ ते ०.६२५ मिमी, बोन अल्गोरिदम, एकमेकांवर चढणारं रीकन्स्ट्रक्शन, आणि हे सर्वांत महत्त्वाचं: प्रत्येक कानाचं वेगळं, लहान फील्ड ऑफ व्ह्यू (चित्राची चौकट). दोन्ही कान एकाच मोठ्या चौकटीत घेतले तर पिक्सेल मोठे होतात आणि स्टेपीज धूसर होते. चित्राची विंडो (छटांची मर्यादा) रुंद ठेवा, विड्थ ४००० आणि लेव्हल ७०० च्या आसपास. डोळ्यांची भिंगं किरणांच्या पट्ट्यात येणार नाहीत अशी डोक्याची मांडणी करून घ्यावी. आजच्या मल्टिस्लाइस मशीनवर स्कॅन काही सेकंदांत होतो, त्यामुळे तान्ह्या बाळाला दूध पाजून, गुंडाळून, झोपेतच तो बऱ्याचदा उरकता येतो. कोन-बीम सीटीत हाडांचे बारकावे छान दिसतात आणि डोसही सहसा कमी लागतो, पण मुलाने तितका वेळ स्थिर राहायला हवं. चुळबुळ्या मुलाला तिथे पाठवण्यात अर्थ नाही.

वाचायला बसल्यावर पहिलं काम म्हणजे प्रतल सरळ करणं. मूळ थिन-स्लाइस डेटा वर्कस्टेशनवर उघडा, लॅटरल सेमीसर्क्युलर कॅनॉलचं कडं पूर्ण दिसेल असं ॲक्सियल (आडवं) प्रतल लावा आणि कोरोनल (समोरून दिसणारं उभं) त्याच्याशी काटकोनात घ्या. डोकं थोडं जरी तिरकं असेल तरी उजवा-डावा कान वेगवेगळ्या पातळीवर कापले जातात आणि नसलेला फरक दिसायला लागतो. छापलेल्या फिल्मवरून या व्यंगाचं मत देऊ नये. सर्जननेही रिपोर्टवर न थांबता डेटा स्वतः फिरवून बघावा, कारण ऑपरेशनच्या वेळी कान ज्या कोनातून दिसणार तो कोन त्यालाच माहीत असतो.

आधी आतला कान

सगळ्यांचे डोळे थेट हाडांच्या साखळीकडे धावतात. मी मात्र उलट सांगेन. आधी आतला कान बघा, कारण तिथे असं काही सापडू शकतं की बाकीचं वाचायची गरजच उरत नाही.

इंटर्नल ऑडिटरी कॅनॉलचा (ऐकण्याची नस जिच्यातून जाते त्या हाडी नळीचा) तळ आणि कॉक्लियाचा (आतल्या कानातल्या शंखाचा) बुडाचा वेढा यांच्यामध्ये पातळ हाडाचा पडदा असतो. तो आहे का? तळ फुगीर झालाय का? कॉक्लियाच्या मधला खांब, म्हणजे मोडिओलस, दिसतो का? तळ फुगलेला, मधलं हाड गायब आणि मोडिओलसही नाही असं चित्र असेल तर तो इन्कम्प्लीट पार्टिशनचा (कॉक्लियाचे कप्पे अपुरे बनण्याचा) तिसरा प्रकार. तो एक्स गुणसूत्रावरच्या पीओयू३एफ४ जनुकाशी जोडलेला असतो आणि प्रामुख्याने मुलग्यांत दिसतो. या मुलांच्या ऑडिओग्रामवर वाहकीय दरी असते आणि चित्र हुबेहूब स्टेपीज जखडल्यासारखं भासतं. पण फूटप्लेटला भोक पाडलं की मेंदूभोवतीचं पाणी दाबाने बाहेर उसळतं आणि उरलेलं ऐकणंही जाऊ शकतं. सीटीने एवढं एकच निदान दिलं तरी त्याचं काम झालं. स्टेपीजचं ऑपरेशन इथे करायचं नाही. भावांची आणि आईकडच्या मुलग्यांची चौकशीही करा.

त्याच फेरीत व्हेस्टिब्युलर ॲक्विडक्ट (आतल्या कानातून मेंदूच्या बाजूला जाणारी बारीक हाडी नळी) मोजा. मध्यावर १.५ मिमीपेक्षा रुंद असेल तर ती मोठी धरायची हा जुना निकष. हल्ली मध्यावर १ मिमी किंवा तोंडाशी २ मिमी याच्या आसपासची मर्यादाही वापरतात. शेजारच्या पोस्टिरिअर सेमीसर्क्युलर कॅनॉलशी जाडीची तुलना केली तर नजरेलाही अंदाज येतो. पोश्ल प्रतलात, म्हणजे सुपीरिअर कॅनॉलला समांतर कापून, त्या कॅनॉलवरचं हाड शाबूत आहे का तेही पाहा. मोठी ॲक्विडक्ट आणि उघडा पडलेला सुपीरिअर कॅनॉल, दोन्हींमुळे आतल्या कानात ओव्हल आणि राउंड विंडोंखेरीज तिसरी खिडकी तयार होते आणि मधला कान ठणठणीत असूनही ऑडिओग्रामवर वाहकीय दरी उमटते. वाहकीय दरी असूनही अकूस्टिक रिफ्लेक्स येत असतील तर इथे दुप्पट लक्ष द्या.

रक्तवाहिन्या

यात वेळ थोडा जातो, पण चुकवून चालत नाही. इंटर्नल कॅरोटिड धमनीची उभी नळी आपल्या जागी आहे का? ती नसेल आणि प्रोमोन्टरीवरून (मधल्या कानाच्या आतल्या भिंतीवरच्या उंचवट्यावरून) नळीसारखा मऊ भाग पुढे जाताना दिसला, तर ती भरकटलेली कॅरोटिड आहे. तिला गाठ समजून बायोप्सी घेतली तर जीवावर बेतू शकतं. कवटीच्या तळाशी फोरामेन स्पायनोसम त्या बाजूला नसेल आणि फेशियल नर्व्हच्या आडव्या भागाची नळी जाड दिसत असेल, तर स्टेपीजच्या कमानीतून जाणारी परसिस्टंट स्टेपीडिअल धमनी असू शकते. जुग्युलर बल्ब (मानेतल्या मोठ्या शिरेचा वरचा फुगवटा) किती वर आलाय, त्यावर हाड आहे का, सिग्मॉइड सायनस (मेंदूकडून रक्त आणणारी शीर) पुढे सरकलाय का, मेंदूचं तळ पेलणारं टेग्मेन खाली झुकलंय का, यांची नोंद करा आणि पुढे चला.

बाहेरून आत: नळी, पोकळी, मास्टॉइड

नळी बंद असेल तर अडथळा हाडाचा आहे, मऊ ऊतींचा आहे की दोन्हींचा, आणि हाडी पत्रा किती जाड, ते लिहा. अरुंद नळीच्या आत, अडथळ्यामागे, गोलसर फुगवटा आणि झिजलेली भिंत दिसली तर कोलेस्टिॲटोमा धरून चला. शंका राहिली तर नॉन-इपीआय डिफ्यूजन एमआरआय मदतीला येतो. मधल्या कानाची पोकळी किती मोठी आहे आणि तिच्यात हवा आहे का, मास्टॉइडमध्ये पेशी आहेत की सगळं घट्ट हाड, या दोन गोष्टींवर ॲट्रेसियाच्या ऑपरेशनची शक्याशक्यता बरीच ठरते. पोकळी फटीएवढीच असेल तर बाकी सगळं चांगलं असूनही निकाल मनासारखा लागत नाही.

हाडांची साखळी

लहान मूल म्हणून हाडं लहान असतील असं समजू नका. जन्मतःच ही हाडं मोठ्या माणसाच्या आकाराची असतात, त्यामुळे मापं मोठ्यांचीच लावायची.

ॲक्सियल स्लाइसमध्ये ॲटिकच्या (मधल्या कानाच्या वरच्या भागाच्या) पातळीवर मॅलियसचं डोकं आणि इन्कसचा मुख्य भाग मिळून आइस्क्रीम आणि कोनासारखं चित्र दिसतं. ते विस्कटलंय का, दोन्ही हाडं जुळून एकच गोळा झालाय का, मधली सांध्याची रेघ दिसते का, ते पाहा. मग मॅलियसच्या डोक्याभोवती हवेची कड पूर्ण आहे का हे कोरोनलवर तपासा. वर टेग्मेनला किंवा बाजूला ॲटिकच्या भिंतीला हाडाचा पूल गेलेला असेल तर मॅलियस जखडलेली आहे. ॲट्रेसियात मॅलियसचा दांडा बहुधा नसतोच आणि मॅलियस-इन्कसचा गोळा बंद नळीच्या हाडी पत्र्याला चिकटलेला असतो.

त्यानंतर इन्कसचा लांब पाय वरून खालपर्यंत स्लाइस न सोडता उतरत या. तो खाली येऊन टोकाशी काटकोनात आत वळतो आणि स्टेपीजच्या डोक्याला भेटतो. जन्मजात घोटाळ्यात हा पाय आखूड, बारीक किंवा नाहीसाच झालेला, कधी आडवा गेलेला दिसतो. टोक आणि स्टेपीज यांच्यात फट दिसली तर 'सांधा तुटलेला' असं लगेच लिहू नका. तिथे तंतूंचा दोर असू शकतो, तो सीटीवर दिसत नाही. 'हाडाचा सांधा दिसत नाही' एवढंच लिहिणं प्रामाणिक.

स्टेपीजसाठी वेगळं प्रतल लावावं लागतं. ती सरळ ॲक्सियलमध्ये झोपलेली नसते, थोडी कललेली असते. डोकं आणि ओव्हल विंडोचा मध्य जोडणाऱ्या रेषेत प्रतल कलतं केलं की दोन्ही कमानी एकाच चित्रात येतात. पुढची कमान पातळ आणि सरळ, मागची जाडसर आणि बाकदार. दोन्हींऐवजी मधोमध एकच काडी असेल तर एकपायी स्टेपीज. स्टेपीजच्या डोक्यापासून पिरॅमिडल एमिनन्सकडे (मागच्या भिंतीवरच्या हाडी टोकाकडे) हाडाची रेघ गेली असेल तर स्टेपीडियसचा स्नायुबंध हाड झालाय आणि स्टेपीज त्याने अडकली आहे. हे सापडलं तर आनंदाची गोष्ट, कारण तेवढाच पूल कापून ऐकणं सुधारू शकतं.

ओव्हल विंडो आणि फेशियल नर्व्ह

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पूर्ण निर्णय या दोन-तीन मिलिमीटरच्या जागेवर टांगलेला असतो.

कोरोनलमध्ये पुढून मागे या. आधी कॉक्लियाचे वेढे दिसतात. चार-सहा स्लाइस मागे गेलं की व्हेस्टिब्यूलची (आतल्या कानाच्या मधल्या भागाची) काळपट पोकळी आणि तिच्या बाहेरच्या अंगाला लॅटरल कॅनॉलचा फुगवटा येतो. त्या फुगवट्याच्या बरोबर खाली एक लहान गोल ठिपका दिसायला हवा. ही फेशियल नर्व्हच्या आडव्या भागाची कापलेली कड. ठिपक्याच्या खाली व्हेस्टिब्यूल आणि मधल्या कानाच्या मध्ये हाडात एक फट असते, ती ओव्हल विंडो. इन्कसच्या टोकाकडून एक बारीक रेघ त्या फटीकडे जाते, ती स्टेपीज. फटीच्या खाली प्रोमोन्टरीचा उंचवटा. म्हणजे वरून खाली क्रम असा: कॅनॉल, नस, खिडकी, प्रोमोन्टरी. हा क्रम प्रत्येक कानात तोंडाने म्हणत स्लाइस फिरवा.

आता समजा, आठ वर्षांच्या मुलीचा स्कॅन समोर आहे. पडदा नॉर्मल, दरी ५५ डेसिबल. मॅलियस ठीक, इन्कसचा लांब पाय जरा आखूड. घाईत वाचणारा 'इन्कसचं व्यंग' लिहून मोकळा होईल, आणि सर्जन वाटेल तिथे कृत्रिम हाड बसवायच्या तयारीने जाईल. पण कोरोनलवर लॅटरल कॅनॉलच्या खालची जागा रिकामी आहे, ठिपका तिथे नाही. दोन स्लाइस पुढे-मागे केल्यावर तो खाली, जिथे फट असायला हवी त्याच पातळीवर सापडतो, आणि फटीच्या जागी अखंड हाड आहे. हे ओव्हल विंडो ॲट्रेसिया. आखूड इन्कस हा त्या मोठ्या गोष्टीचा एक तुकडा होता. कॅनॉलखालची रिकामी जागा ही अशी खूण आहे की तिने मला जेवढं शिकवलं तेवढं दुसऱ्या कुठल्याही खुणेने नाही. ती दिसली की नस शोधल्याशिवाय पुढची स्लाइस लावायची नाही.

नस नेहमी संपूर्ण मागोवा घेऊन वाचा: इंटर्नल ऑडिटरी कॅनॉलच्या तळापासून जेनिक्युलेट गँग्लियन (पहिलं वळण), तिथून आडवा भाग, दुसरं वळण, मग उभा भाग थेट स्टायलोमास्टॉइड छिद्रापर्यंत. वाटेत ती दुभंगते का, खिडकीवर लोंबते का, प्रोमोन्टरीवरून जाते का? बाहेरची नळी बंद असलेल्या कानात दुसरं वळण तीव्र असतं आणि उभा भाग नेहमीपेक्षा पुढे व बाहेर सरकलेला असतो, म्हणजे नवी नळी कोरताना ड्रिल जिथे चालणार नेमका तिथे. दोन्ही बाजूंची नस शेजारी ठेवून अंतरं तोला. एका बाबतीत मात्र जपून बोला. आडव्या भागावरचं हाडाचं आवरण इतकं पातळ असतं की ते आहे की नाही हे सीटीवरून खात्रीने सांगता येत नाही, आणि नॉर्मल कानांतही ते बऱ्याचदा अर्धवट असतं. 'आवरण दिसत नाही' असं लिहा आणि ऑपरेशनमध्ये नर्व्ह मॉनिटर लावायला सुचवा.

राउंड विंडो, म्हणजे आतल्या कानाची दुसरी खिडकी, विसरली जाते. ॲक्सियलवर कॉक्लियाच्या बुडाच्या वेढ्याजवळ, मागच्या बाजूला, हवा भरलेली कोनाडी दिसते का ते बघा आणि कोरोनलवर खातरजमा करा. ती हाडाने बंद असेल तर साखळी कितीही सुंदर जोडली तरी आतलं पाणी हलायला जागा नाही, ऐकणं सुधारणार नाही.

सीटी नॉर्मल असेल तेव्हा

पडदा नॉर्मल, दरी मोठी आणि सीटीत काहीच नाही, असं होतंच. अशा वेळी पालकांना 'सगळं ठीक आहे' असं सांगून घरी पाठवणं हा त्या मुलावर अन्याय. फूटप्लेट कडेच्या बंधाने जखडलेली असेल तर सीटी बहुधा नॉर्मलच दिसतो. स्थिर चित्रावरून हालचाल कळत नाही. मॅलियसचा ताठरलेला बंध, तंतूंचे दोर, सांध्यातली ढिलाई, यांचंही तेच. जन्मजात स्टेपीज जखडणं हे निदान ऑडिओग्राम, रिफ्लेक्स आणि 'आतला कान व नस सुरक्षित आहेत' असं सांगणारा सीटी यांच्या बेरजेतून होतं. खात्री होते ती ऑपरेशन टेबलवर, साखळी हाताने हलवून बघितल्यावर. म्हणून असा नॉर्मल सीटी मोलाचा आहे: पाणी उसळणार नाही, नस वाटेत नाही, खिडकी उघडी आहे, हे त्याने सांगितलेलं असतं.

आकडे आणि वर्ग

नळीच्या ॲट्रेसियासाठी १९९२ मध्ये जार्सडोर्फर यांनी सुचवलेली दहा गुणांची पद्धत आजही वापरात आहे. स्टेपीज असेल तर २ गुण. उघडी ओव्हल विंडो, राउंड विंडो, मधल्या कानाची पोकळी, फेशियल नर्व्हची वाट, मॅलियस-इन्कसचा जोड, इन्कस-स्टेपीजचा सांधा, मास्टॉइडमधली हवा आणि बाहेरच्या कानाचं रूप यांना प्रत्येकी १. आठ किंवा जास्त गुण असतील तर कान ऑपरेशनला चांगला, सात म्हणजे बरा, सहा म्हणजे काठावरचा, पाच आणि खाली असेल तर सहसा हात लावू नये. पण बेरीज आंधळेपणाने वापरू नका. नस खिडकीवर पसरलेली असेल तर बेरीज कितीही येवो, तो कान अवघड आहे.

नळी आणि पडदा चांगले असलेल्या कानांसाठी ट्यूनिसेन आणि क्रेमर्स या डच डॉक्टरांची १९९३ ची वर्गवारी जास्त कामाची. पहिला वर्ग: फक्त स्टेपीज जखडलेली. दुसरा: स्टेपीज जखडलेली आणि साखळीत दुसराही दोष. तिसरा: साखळीत दोष, पण फूटप्लेट हलती. चौथा: ओव्हल किंवा राउंड विंडो नाही किंवा पुरती बिघडलेली. सीटी वाचून कान कोणत्या वर्गात बसतो ते लिहिलं की ऑपरेशनची रूपरेषा आपोआप पुढे येते: पहिल्यात स्टेपिडॉटमी (फूटप्लेटला भोक पाडून पिस्टन, म्हणजे बारीक कृत्रिम काडी, बसवणं), दुसऱ्यात कधी मॅलियसपासून थेट पिस्टन, तिसऱ्यात ऑसिक्युलोप्लास्टी (साखळी पुन्हा जोडणं). चौथ्या वर्गात खिडकी नव्याने कोरता येते, पण धोका जास्त आणि मिळालेलं ऐकणं टिकेल याची शाश्वती कमी. तिथे ऐकण्याचं यंत्र किंवा बोन कंडक्शन इम्प्लांट बहुतेकांसाठी चांगला मार्ग आहे असं माझं मत.

रिपोर्टात काय असावं

'मधल्या कानात जन्मजात व्यंग' हा निष्कर्ष कोणाच्याच उपयोगाचा नाही. दोन्ही कानांबद्दल वेगवेगळं लिहा, आणि जे नॉर्मल आहे तेही लिहा. 'इंटर्नल ऑडिटरी कॅनॉलचा तळ नॉर्मल, मोडिओलस दिसतो, ॲक्विडक्ट मोठी नाही. कॅरोटिड व जुग्युलर जागेवर. फेशियल नर्व्ह ओव्हल विंडोच्या वर, नेहमीच्या वाटेने. ओव्हल व राउंड विंडो उघड्या. स्टेपीजच्या दोन्ही कमानी दिसतात. इन्कसचा लांब पाय अर्ध्यावर संपतो. फूटप्लेटच्या हालचालीबद्दल सीटीवरून सांगता येत नाही.' एवढ्या ओळी वाचून सर्जन पिस्टन आणि कृत्रिम हाड दोन्ही टेबलावर मागवून ठेवेल, आणि पालकांशी बोलताना दोन्ही शक्यता आधीच सांगेल. चित्र अस्पष्ट असेल तर तेही स्वच्छ लिहा: 'कानात पाणी असल्याने स्टेपीजबद्दल मत देता येत नाही.' अंदाजाने 'स्टेपीज नॉर्मल' लिहू नका.

कान ऑपरेशनला योग्य नाही असं ठरलं तरी हाच डेटा पुन्हा उघडा. बोन कंडक्शन इम्प्लांट बसवायचं असेल तर कानामागच्या हाडाची जाडी, सिग्मॉइड सायनस आणि मेंदूच्या आवरणाचं अंतर याच स्लाइसवर मोजता येतं. मुलाला त्यासाठी वेगळा स्कॅन लावू नये. फक्त लहान फील्ड ऑफ व्ह्यूमध्ये कापला गेलेला भाग पुन्हा मिळावा म्हणून मूळ रॉ डेटा पुसला जाण्याआधी, स्कॅन झाला त्याच दिवशी, मोठ्या चौकटीचं एक रीकन्स्ट्रक्शन करून ठेवायला तंत्रज्ञाला सांगावं.